पोटात घालणं

सव्वासहाला अग्निशमन दलाची गाडी येते.
आग कुठेच लागलेली नसते.
सार्जंट झोरायदे उतरते, बूट आपटते,
सेलांजियाची लाल धूळ पायरीवर सोडते
आणि बर्फाच्या पेटीतून काढते
कॉफीच्या जुन्या बाटल्या, आत गोठलेलं दूध.
सतरा घरांचं आज.
पाऊस होऊन शंभर दिवस झालेत,
तिच्या भुवयासुद्धा लाल.

मी दुधाच्या बँकेत.
साडेबासष्ट अंश, तीस मिनिटं,
त्यात जिवंत असेल ते मरतं.
सगळंच नाही मरत, असं मी नव्या मुलींना सांगते,
थोडी ओळख उरते.

पेटी क्रमांक चार.
सत्तावीस आठवडे, नऊशे दहा ग्रॅम,
नावाच्या जागी: जुसाराचा मुलगा.
त्याचं आतडं म्हणजे
दारं बसवायच्या आधीच राहायला घेतलेलं घर.
गिलावा ओला.
राखणदार आहेत, पण कोवळे,
हातात काठी दिलीय
आणि कोणावर उगारायची ते कोणी सांगितलेलं नाही.

सांगणारे लांबून येतात.
आईच्या आतड्यात शिकलेल्या पेशी
रक्ताच्या वाटेने तिच्या छातीपर्यंत पोचतात,
आणि तिथे बसून लिहून देतात:
कोण येऊन गेलं, कोणाला राहू दिलं,
कोणाला उंबऱ्यावरूनच परतवलं.
जुसारा बाजारात कसावाचे कंद सोलते,
वीस वर्षं, मातीसकट.
ते सगळं तीन मिलिलिटर चिकात.
हा मी तापवत नाही.
बोळ्याने त्याच्या गालाच्या आत
एकेक थेंब.
तोंडओळख म्हणतात ती हीच असावी.

दुधात एक साखर असते, बाळाला न पचणारी.
कुठल्याच बाळाला पचत नाही.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले होते,
भुकेल्या लेकराच्या पानात दुसऱ्याचा घास!
मग कळलं, ते पानच वेगळं मांडलेलं.
जे जीवाणू आत वस्तीला यावेत असं आईला वाटतं
त्यांच्यासाठी.

अकराव्या दिवशी पोट फुगलं.
ताणलेली कातडी, निळ्या रेघा.
डॉक्टर आमिल्कारनी टेप लावून मोजलं,
पुन्हा मोजलं. दूध बंद.
जुसारा तरी दर तीन तासांनी येई,
कोणी पिणार नाही असं दूध पिळून देई,
मी तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवी.
एकदाच विचारलं तिने,
गोठल्यावर माझा वास राहतो का त्याला?
मी हो म्हणाले.
मला माहीत नव्हतं. अजून नाही.

चौथ्या संध्याकाळी आम्ही बाटल्या उतरवत होतो
तेव्हा नर्स गिल्दा धावत आली,
हातात लंगोट, जशी लॉटरी लागलीय:
पिवळं! मोहरीसारखं पिवळं!
आम्ही तिघी वाकून बघत राहिलो,
एक सार्जंट, एक नर्स, आणि मी,
हातात सतरापैकी नववी बाटली.

पोस्टरवर सैनिक छापतात. ढाली, शत्रू.
असेलही लढाई.
पण मी इतकी वर्षं बघते,
तिथलं मोठं काम न लढण्याचं आहे.
परक्याला पुन्हा पुन्हा बघायचं,
काठी खाली ठेवायची,
बस म्हणायचं.
माणसं चुका पोटात घालतात ना,
त्या शब्दाला पोट उगाच नाही मिळालं.

घरी जायच्या दिवशी दोन किलो शंभर.
नाव ठरलं, मोआसिर.
दारात सहा वर्षांचा भाऊ, काउआं,
नखांत लाल माती,
बोट पुढे केलं.
मोआसिरने ते मुठीत धरलं
आणि सरळ तोंडात.

माझा हात सवयीने साबणाकडे गेला होता.
जुसारा हसली.
मी काही बोलले नाही.

झोरायदे पायरीवर बसून
रिकाम्या बाटल्या मोजून घेत होती,
एक कमी भरत होती.